जुबेदाचं इंग्रजी

ये गो मुग्धा, अशी जवळ सरक. तू तिकडे पुण्यात चौथ्या मजल्यावर आणि मी इकडे रत्नागिरीत, मग सरकणार कशी, असलं शहाणपण नको. वाचताना माणूस जवळच बसलेलं असतं. आणि तो फोन पालथा घाल आधी. गणपतीत आली होतीस तेव्हा माझ्यासमोर बसून अंगठ्याने कुणाशी तरी भांडत होतीस. कोण गो, म्हणून विचारलं तर म्हणालीस, रूममेट आहे आत्याआजी, तुम्हाला नाही कळायचं, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. पाहुणे होते, माझे हात मोदकाच्या उकडीत होते, म्हणून गप्प बसले. पण ते वाक्य माझ्या घशात बोय माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलंय. नव्हतं म्हणे! अगं, तुझ्या आजोबांची ही धाकटी बहीण तुझ्या वयाची होती तेव्हा मिरकरवाडा बंदराच्या वरच्या चढावर एका खोलीत एका परक्या पोरीबरोबर राहत होती. आम्ही दोघी एका आरशात केस विंचरत होतो, एका छत्रीत अर्ध्या अर्ध्या भिजत होतो आणि तुम्ही अंगठ्याने भांडता ना, त्याच्या दसपट तोंडाने भांडत होतो. तेव्हा आता निमूट ऐक. मध्ये प्रश्न विचारू नकोस, माझी गाडी एकदा रुळावरून घसरली की थेट गणपतीपुळ्याला जाऊन थांबते.

तिचं नाव जुबेदा. कोळंबीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलाला उभी राहायची. मी लांज्याकडची, ती खाडीपलीकडच्या गावातली. दोघींनाही रोज घरून येणं शक्य नव्हतं, म्हणून कारखान्यातल्या एका बाईने आमची गाठ घालून दिली आणि घरमालकीण काकींच्या मागच्या पडवीला भिंत घालून केलेली खोली आम्ही दोघींत घेतली. माझ्या आईने निघताना सांगितलं होतं, तिच्या ताटातलं खाऊ नकोस. तिच्या आईने तिला माझ्याबद्दल तेच सांगितलं होतं. त्यामुळे सुरुवातीला खोलीत दोन स्टोव्ह होते, दोन टोकांना, अबोला धरलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून. मग माझ्या स्टोव्हची पिन मोडली. दुसरी पिन आणायची तर बाजारपेठेत जायला हवं आणि त्या दिवशी दोघींच्या पाठीचं लाकूड झालेलं. तिच्या स्टोव्हवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं, लसूण जरा जास्तच करपवलेली, आणि मी भाकरी हातात घेऊन तिच्याकडे बघत होते. खा गो, म्हणाली, तुझा देव काय आत्ता रत्नागिरीत नाय, तो पुळ्याला हाय. धर्म एका पिनेवर उभा होता, ती मोडली, एवढंच. पुढे ईदला तिच्या आईने नारळाच्या दुधातली सांदणं पाठवली तेव्हा मी तिच्यापेक्षा जास्त खाल्ली आणि माझ्या घरून आलेल्या घावन्यांचा तिने एकटीने फडशा पाडला. ती घोरायची म्हणजे पहाटेचा ट्रॉलर चालू होताना कसा आधी खोकतो, मग गुरगुरतो, मग धडधडतो, तसं. आणि मला झाडू घेऊन तिच्या मागे लागायची खोड. ती म्हणायची, शालन, तू नवऱ्याला नाय, सासूला शोभशील.

कामाचं सांगते. बंदरावर बोटी लागल्या की लिलावाचा गलका आमच्या चढापर्यंत ऐकू यायचा आणि त्यामागून बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर. माल बर्फात बुडून टेबलावर यायचा. कोळंबीचं डोकं मुरगळायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, पुढची उचलायची. दुपारपर्यंत बोटं अशी पांढरी आणि बधिर व्हायची की आपलीच बोटं आपल्याला परकी वाटायची. वास लिंबाने जात नाही, आमसुलाने जात नाही, साबणाने तर मुळीच नाही. आंब्याचा हंगाम आला की आम्हीच बाया कॅनिंगला जायचो, हापूस सोलून त्याचा रस काढायला. एस्टीत गंमत व्हायची. कोळंबीच्या दिवसांत आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची, आंब्याच्या दिवसांत तिथे बसायला लोक भांडायचे. बाई तीच, पातळही तेच.

आता काकी. काकींचा नवरा, तात्या, बोटीवर असायचा. मोठ्या, परदेशी जाणाऱ्या. वर्षातून कधीतरी यायचा, आला की देशोदेशीचं सामान आणायचा. एका खेपेला त्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला. काकींनी त्यावर विणलेला रुमाल घातला, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली, आणि सगळ्या आळीला सांगितलं की हात लावायचा नाही. पण व्हिडिओ असून काय करणार, कॅसेटी दोनच. एक काकींच्या पुतण्याच्या लग्नाची. त्यात फोटोग्राफरने नवरानवरी सोडून सगळे लोक जेवताना काढले होते, आणि प्रत्येकाने किती जिलब्या घेतल्या ते काकींचं मोजून झालं होतं. दुसरी तात्याच्या कुणा जोडीदाराने बोटीवर दिलेली, विलायती मालिकेची. दोन पोरी. एक उंच, पिवळ्या केसांची, एक बुटकी, कुरळ्या केसांची. मोठ्या हॉटेलातले कपडे धुवायच्या जागी दोघी कामाला, सगळीकडे वाफच वाफ, आणि राहायला एका बुटांच्या दुकानावरची एक खोली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला जाडा घरमालक, आणि एक मिशीवाला माणूस जो फुलं घेऊन यायचा आणि दर वेळी जिन्यावरून पडायचा. सगळं इंग्रजीत. आणि ह्या मालिकेत आतून लोक हसायचे. दिसायचे नाहीत, नुसते हसायचे, खदाखदा.

काकींचं दुखणं तिथे होतं. माझ्याच घरात बसून हसतात, म्हणायच्या, आणि मला कळत नाही कशाला. कधीकधी त्यांना वाटायचं की आपल्यालाच हसतात. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी विहिरीवरून घागरी घेऊन येत होतो. काकींचं तोंड आधीच आमच्या वासावरून वाकडं झालेलं, खोली दुसऱ्या कुणाला देईन म्हणून त्या पुटपुटत होत्या. जुबेदाने घागर खाली ठेवली आणि सहज म्हणाली, काकी, मला येतं ना इंग्रजी, मी सांगते. माझ्या कडेवरची घागर कलंडता कलंडता राहिली. ही सातवी शिकलेली. इंग्रजीशी तिचा संबंध एवढाच की तिचा मामा आखातात होता, तो दुधाच्या पावडरीचे डबे पाठवायचा, आणि त्या डब्यांवरचं ती वाचायची. पण काकींना काय माहीत? त्यांनी आम्हाला ओसरी ओलांडून आत घेतलं, पहिल्यांदाच. फरशीवर बसवलं. आणि त्या रविवारपासून जुबेदाचं इंग्रजी सुरू झालं.

तुला वाटत असेल, काय त्यात, वाटेल ते सांगायचं. करून बघ एकदा. त्या टीव्हीतले लोक हसायचे ना, ते मोठं संकट होतं. हसू यायच्या आधी बरोबर काहीतरी हसण्यासारखं सांगायला हवं, नाहीतर काकी म्हणणार, मग हसले का? म्हणून जुबेदाने हसू कुठे कुठे येतं ते पाठ केलं. कारखान्यात कोळंबी सोलता सोलता ती तालीम करायची. आख्ख्या टेबलाला ती मालिका न बघता तोंडपाठ झाली होती आणि बायका सुचवायच्या की अगं, तिथे ती बुटकी असं म्हणू दे, तिथे तो जाड्या तसं म्हणू दे. पोरी लाल दारू प्यायच्या, जुबेदाने तिचं कोकम सरबत केलं. तिकडे पण आमसुलं मिळतात? काकींनी विचारलं. मिळतात म्हणजे काय, आपल्याकडूनच जातात बोटीने, जुबेदा म्हणाली, आणि तात्या बोटीवर असल्यामुळे काकींना वाटलं की ती आमसुलं जवळजवळ आपल्याच परसातली. मिशीवाला फुलं घेऊन यायचा, तो उंच पोरीचा भाऊ झाला. भाऊ रोज फुलं कशाला आणतो? देवाला. एका ठिकाणी त्याच्या आणि उंच पोरीच्या मध्ये काहीतरी भलतंच व्हायचं, तिथे जुबेदा उठून खिडकीचा पडदा सारखा करायची आणि त्या वेळेपुरती टीव्हीसमोर तिची पाठ यायची. पण काकींची आठवण वकिलासारखी. मागच्या रविवारी ही म्हातारी तू तिची मावशी सांगितलीस, आज शेजारीण कशी? मावशीच आहे काकी, शेजारी राहते.

आणि फसलो आम्हीच. जुबेदाने त्या पोरींना इतकं गुणी करून ठेवलं की आम्हाला त्यांच्यासारखं वागणं भाग पडलं. एकदा कुठलीतरी रिकामी जागा भरून काढायला तिने सांगून टाकलं की ह्या दोघी सकाळी उठल्याबरोबर घरमालकाच्या पायऱ्या धुतात. दुसऱ्या दिवशी काकी बादली घेऊन आमच्या दाराशी हजर. त्या विलायतच्या पोरी धुतात, तुम्हाला काय धाड भरली? तेव्हापासून पुढची सगळी वर्षं आम्ही काकींच्या चिऱ्याच्या पायऱ्या धुतल्या, आणि धुताना मी जुबेदाला जे जे म्हटलं ते इथे लिहिता यायचं नाही. तू लहान आहेस.

आता मुख्य सांगते. शिमग्याला मी घरी गेले तेव्हा दादाने, म्हणजे तुझ्या आजोबांनी, माझं लग्न ठरत आणलं होतं. स्थळ चांगलं होतं, माझी तक्रार स्थळाबद्दल नव्हती. मुलगा मी पाहिलाही नव्हता. त्यांचं म्हणणं असं की मुलगी कारखान्यात जाते, एकटी खोली घेऊन राहते, हे त्यांना चालणार नाही. तिने आत्ताच काम सोडून घरी येऊन राहावं, मग बघू. दादा म्हणाला, पुढच्या रविवारी येतो तुला न्यायला, पेटी भरून ठेव. मी मान हलवली. तुला नवल वाटेल, एवढी तोंडाळ बाई आणि मान हलवली? अगं, आमचे वडील गेले तेव्हा दादा शाळेत होता. त्याने शाळा सोडली, दुसऱ्यांच्या बागेत राबला, मला वाढवलं. त्याच्याशी उलटून बोलायची भीती नव्हती आमच्या घरात, सवय नव्हती. तो कमी बोलायचा, आणि त्याच्यासमोर माझ्याही जिभेला कुलूप लागायचं. रत्नागिरीला परत आले आणि मला कळलं की मला जायचं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. ती घाण वासाची नोकरी, ती पडवी, तो घोरणारा ट्रॉलर. पण संध्याकाळी हात धुऊन पायरीवर बसलं की खाली बंदरात दिवे लागायचे, एका बाजूने बांग यायची, एका बाजूने आरती, जुबेदा आत कशाला तरी फोडणी द्यायची, आणि उद्या काय करायचं ते मला कुणी सांगायचं नाही. ते सोडून जायचं माझ्या पायांना पटत नव्हतं. जुबेदाला मी कामावर सांगितलं. ती नुसती कोळंबीची डोकी मुरगळत राहिली, जरा जास्तच जोरात.

त्यात आणखी एक धोंडा. त्याच सुमाराला तात्या सुट्टीवर आला होता. आळीत समज असा की तात्या इंग्रजी बोलतो ते साहेबालाही जमत नाही. काकी रोज म्हणायच्या, बरं झालं हे आले, आता जुबेदा सांगते त्याहून बारीकसारीक पण कळेल. जुबेदाला घाम फुटायचा. पण तात्या काही टीव्हीसमोर बसेना. टीव्ही लावला की त्याला बंदरावर काम निघायचं. आम्ही देवाचे आणि अल्लाचे वेगवेगळे आभार मानत होतो.

तो रविवार उजाडला. दादा दुपारी आला, धुतलेला लेंगा, टोपी, हातात घरच्या तांदळाची पिशवी. माझी पेटी भरून खोलीच्या दाराशी ठेवलेली. काकींनी पोहे केले, चहा केला, आणि पाहुण्याचा मान म्हणून टीव्हीवरची प्लॅस्टिकची फुलं बाजूला ठेवली. आता पाहुण्यासमोर घरधन्याला पळता येईना. तात्या आरामखुर्चीत बसला, दादा लाकडी खुर्चीच्या कडेवर, आम्ही दोघी फरशीवर. काकी कौतुकाने दादाला म्हणाल्या, बघा, विलायतेत पण अशा दोन पोरी राहतात, किती नीट राहतात ते बघा, अगदी आमच्या ह्या दोघींसारख्या. आणि कळ दाबली. दादाच्या कपाळावरची आठी मला मागूनही दिसत होती. जुबेदाने एकदा तात्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सुरू केलं. कोकम झालं, मावशी झाली, जिन्यावरून पडणं झालं. दादा हसला नाही. तात्या छताची कौलं बघत होता.

मग तो भाग आला ज्यात उंच पोरगी पेटी भरते आणि मिशीवाला दारात उभा राहतो. इतके दिवस जुबेदा सांगायची की पोरगी मावशीकडे सुट्टीला चाललीय. त्या दिवशी ती म्हणाली, हा तिचा भाऊ तिला न्यायला आलाय. मी मान वर केली. पडद्यावरची पोरगी हात हलवून हलवून बोलत होती, आणि जुबेदा तिच्या ओठांकडे बघत, हळू हळू, सांगत गेली.

"ती म्हणतेय, दादा, मी काय कोणाबरोबर पळून नाय आलेय. तू शाळा सोडलीस नि मला मोठी केलीस, ते मी विसरलेय काय? म्हणून तर तुझ्यासमोर तोंड उघडत नाय माझं. काम वाईट हाय रे, पाठ मोडते. पण संध्याकाळी पायरीवर बसते तेव्हा माझी मी असते. लग्न करीन, नाय कुठे म्हणते? पण आता नको नेऊ मला. मला हितं राहू दे."

आणि नेमकं तिथे टीव्हीतले लोक खदखदून हसले. जुबेदा सगळी हसण्याची ठिकाणं पाठ असलेली बाई, पण त्या वेळी विसरली. दादाने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण हसतायत हे?"

"बघणारी माणसं," जुबेदा म्हणाली.

"ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

"त्यांची कुठे कोण बहीण हाय ती."

जुबेदाचे डोळे भरले होते, आणि त्या नादात ती पडदा सारखा करायला उठायचं विसरली. मिशीवाल्याने फुलं टाकली, पेटी टाकली, उंच पोरीला कवेत घेतलं आणि तिचा मुका घेतला. असातसा नाही, भरपूर, सावकाश, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. आतले लोक शिट्ट्या मारायला लागले. काकींचा पोह्यांचा चमचा हवेत राहिला. हे एवढं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, तिथे दर वेळी जुबेदाची पाठ असायची.

दादा सावकाश तात्याकडे वळला. "तात्या, तुम्ही एवढी वर्षं बोटीवर. इंग्रजी तुम्हाला येतं. ही पोरगी सांगतेय ते बरोबर हाय काय? हा भाऊ?"

तात्याने चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत घातला. मी मनात पेटी उचलून एस्टीत ठेवलीसुद्धा.

"पोरगी बरोबर सांगतेय," तात्या म्हणाला. "उच्चार जरा कच्चे हायत. पण अर्थ बरोबर."

"आणि हे?" दादाने पडद्याकडे बोट केलं, तिथे अजून संपलं नव्हतं.

"ती तिकडची रीत. निरोप देताना. मी बंदरावर ह्या डोळ्यांनी बघितलंय. सख्खा असला तर जरा जास्तच."

"थंडी असते ना तिकडे," काकी म्हणाल्या आणि चमचा तोंडात घातला.

दादाने टोपी काढून तोंडावर धरली. त्याचे खांदे हलायला लागले. वडील गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी उठून जवळ गेले. तो हसत होता, मुग्धा. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, टोपीचा बोळा तोंडात कोंबून हसत होता तुझा आजोबा. मी जन्मात त्याला तसं पाहिलं नव्हतं, आणि मग मलाही हसू फुटलं, आणि जुबेदाला, आणि काकी आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, मेल्यांनो, आता तुम्ही कशाला हसता ते कोण सांगणार मला?

दादा हातपाय धुवायला विहिरीवर गेला, काकी कपबशा घेऊन आत गेल्या. तेव्हा तात्या खुर्चीतून पुढे वाकला आणि जुबेदाच्या कानाशी येऊन विचारतो, काय गो, खराच भाऊ होता काय तो? आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग हळूहळू बाहेर आलं. तो सगळा जन्म इंजिनाच्या खोलीत राबला, आणि तिथे त्याच्या बोटीवर सगळे केरळचे लोक. इंग्रजी त्याला चालू आणि बंद एवढंच यायचं. मल्याळी मात्र, म्हणाला, अगदी फस्क्लास येतं. एवढं काकीला सांगू नका, तिने आळीत फार वाढवून ठेवलंय. जुबेदाने त्याला वचन दिलं, आणि बदल्यात पुढच्या रविवारी मालिका नीट समजावून सांगायचं कबूल केलं. आता विचार कर, त्या खोलीत सांगणारीला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसऱ्या न येणाऱ्याने तिला दाखला दिला होता.

दादा परत आला तो सरळ आमच्या खोलीत. दारात उभं राहून त्याने सगळं बघितलं: एकच स्टोव्ह, आरसा, दोरीवर वाळत घातलेली माझी आणि तिची ओढणी-पातळं. मी मागे उभी. पेटी दारातच होती. दादा आत पाऊल टाकताना तिला अडखळला. मग त्याने ती पायाने ढकलत ढकलत खाटेखाली सारली, पार भिंतीला लागेपर्यंत. येताजाता पायात येते, म्हणाला. बस्स.

मी त्याला एस्टीपर्यंत सोडायला निघाले. चढ उतरलो. खाली जाळी वाळत घातली होती, त्यांच्या कडेकडेने चालत होतो. मग तो म्हणाला, "ती जुबेदा एक नंबरची खोटारडी हाय."

"हो," मी म्हटलं.

"पण तुझ्या मनातलं बरोबर सांगितलान." थोडं चालून मग म्हणाला, "तू का नाय सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

गाडी आली, तो चढला, खिडकीशी बसला, आणि गाडी हलता हलता बाहेर वाकून म्हणाला, पाव्हण्यांना कळवतो, आंब्याचा हंगाम होऊन जाऊ दे. पाव्हण्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी पावसाआधी दुसरी मुलगी केली आणि सुखाने नांदले म्हणतात. आंब्याचा हंगाम झाला, मग कोळंबीचा, मग पुन्हा आंब्याचा. मी राहिले. लग्न केलं ते पुढे, मला हवं तेव्हा, बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाशी, आणि त्याला कोळंबीच्या वासाचं काही वाटायचं नाही कारण त्याचं नाक कायमच चोंदलेलं असायचं.

काकी गेल्या, तात्या गेला, त्या पडवीच्या जागी आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात, गरम पाण्याच्या. जुबेदा आहे. भाट्याच्या पुलापलीकडे सुनेकडे राहते, दोन्ही गुडघे बदलून घेतलेत, आणि फोनवर परदेशी मालिका बघते ज्यात खाली अक्षरं येतात. ती म्हणते, ही अक्षरं लिहिणाऱ्याला काही येत नाही, सगळं चुकीचं लिहितो, मी असते तर बरोबर सांगितलं असतं.

तेव्हा बाय माझी, लवकर ये. ओले काजू आलेत, उसळ करते, जुबेदालाही बोलावते. तुझ्या त्या भांडखोर रूममेटलाही घेऊन ये, तिचा पण चेहरा बघू दे जरा. आणि जरा वाट वाकडी करून लांज्याहून आजोबांना बरोबर आण. त्याला मनातून यायचं असतं, पण तो आपणहून म्हणायचा नाही. तू जवळ बसून त्याला विचार.